फरशीवर काय उमटलं, मुलांत काय उतरलं?

साधारण दहा-बारा वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट म्हणजे प्राथमिक शिक्षकांचं पंढरपूर झालं होतं. विदर्भातून, मराठवाड्यातून, कोकणातून गाड्या भरून शिक्षक यायचे. जिल्हा परिषदेच्या साध्या कौलारू शाळांत शिरायचे, वर्गाच्या फरशीवर आखलेले आकड्यांचे तक्ते, अक्षरांचे चौकोन, शब्दांचे डोंगर बघायचे आणि मोबाइलवर फोटो काढायचे. परत गेले की आपल्या शाळेची फरशीही तशीच रंगवून घ्यायचे. सरपंचांनी रंगाचे डबे दिले, पालकांनी श्रमदान केलं, वर्तमानपत्रांत बातम्या आल्या.

आता त्यातले बरेच रंग उडालेत. पहिलीला ती फरशी पाहिलेली मुलं कॉलेजात गेली. त्यामुळे हिशोब मांडायला आता हरकत नाही. लहान मुलांच्या शिक्षणातले प्रयोग सातारा-सांगलीला नवे नाहीत. सावित्रीबाई फुले यांचं जन्मगाव नायगाव सातारा जिल्ह्यातलं. भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था १९१९ साली काढली ती कऱ्हाडजवळच्या काले गावात. नवं करायला इथली माणसं बिचकत नाहीत. मात्र एखाद्या प्रयोगाचा डोळ्यांना दिसणारा भाग वाऱ्यासारखा पसरतो आणि ज्याच्यामुळे मूल प्रत्यक्षात शिकतं तो न दिसणारा भाग मागेच राहतो, असं पुन्हा पुन्हा झालंय. मूल तीन ते आठ वर्षांचं असताना हा फरक सगळ्यात महाग पडतो.

कुमठ्यात काय घडलं

शिक्षण खात्यात बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या अखत्यारीतला शाळांचा गट. कुमठे बीटात अशा सुमारे ४० शाळा. प्रतिभा भराडे तिथे विस्तार अधिकारी होत्या. विस्तार अधिकारी म्हटलं की शाळेत येणार, हजेरीपत्रक बघणार, शेरेबुकात शेरा मारणार आणि चहा घेऊन निघणार, अशी एक प्रतिमा असते. भराडे यांनी शिक्षकांना घेऊन थेट डहाणू तालुक्यातलं ऐना गाठलं. तिथे ग्राममंगलची शाळा आहे. ग्राममंगल ही संस्था १९८२ मध्ये रमेश पानसे आणि अनुताई वाघ यांनी उभी केली. अनुताई म्हणजे ताराबाई मोडकांच्या सहकारी. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. ‘अंगणवाडी’ ही कल्पनाही ताराबाईंचीच. मुलं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीनेच पाड्यावरच्या अंगणात जायचं, ही तिच्यामागची भूमिका. म्हणजे साताऱ्याच्या फरशीवर जे उमटलं, त्याचं बी वारली पाड्यांत पडलेलं होतं.

ऐन्याहून आल्यावर बीटातल्या शिक्षकांनी फळ्यापुढचं आपलं उभं राहणं कमी केलं. मुलं गटागटाने जमिनीवर बसू लागली. साहित्य गावातलंच: चिंचोके, बाटल्यांची झाकणं, दहा-दहाचे गठ्ठे बांधलेल्या काड्या, खोट्या नोटा, शंभर मण्यांची माळ. शास्त्रीय नाव ज्ञानरचनावाद. मूल आपलं ज्ञान स्वतः रचतं, बाहेरून कोणी ते त्याच्यात ओतू शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मण्यांची माळ जवळून पाहिली तर यातली गंमत कळते. माळेत दहा लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल असे शंभर मणी ओवलेले. बाई पहिलीतल्या दोघांना सांगतात, ‘तेवीस दाखवा.’ एक जण पहिल्या मण्यापासून बोट सरकवत निघतो, एक, दोन, तीन... मध्येच एक मणी निसटतो आणि पुन्हा पहिल्यापासून मोजणी. दुसरी दोन रंगपट्ट्या धरून उडी मारते, पुढचे तीन मणी घेते आणि तिथे चिमटा लावते. दोघांचंही उत्तर बरोबर येतं. पण खरा धडा इथून पुढे. बाई विचारतात, ‘तू कसं मोजलंस गं?’ ती सांगायला लागते, तो ऐकतो, मान हलवतो आणि पुढच्या वेळी सत्तेचाळीस सांगितल्यावर त्याचं बोट थेट चौथ्या पट्टीच्या शेवटाशी जातं. दशक-एकक हा शब्द अजून कुणी उच्चारलेलाही नसतो.

माळ पन्नास-शंभर रुपयांत मिळते आणि फोटोत दिसते. ‘कसं मोजलंस?’ हा प्रश्न फोटोत येत नाही. तो विचारायला शिक्षकाला आधी स्वतःला वाटावं लागतं की या पोरीच्या डोक्यात काहीतरी चाललंय आणि ते ऐकण्याजोगं आहे. भराडे आणि त्यांचे शिक्षक यांनी त्यावर काही वर्षं घालवली. वर्गात बसणं, चर्चा, चुकणं, पुन्हा बघणं. २२ जून २०१५ रोजी ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला. तत्कालीन शिक्षण सचिव नंदकुमार यांनी कुमठ्याचं काम उचलून धरलं आणि शिक्षकांच्या भेटींना ऊत आला. एका दिवसाच्या भेटीत माणूस फरशी पाहू शकतो. तिच्यामागची काही वर्षं कशी पाहणार? म्हणून जिथे शिक्षकाने विचार उचलला तिथे रंग उडूनही काम टिकलं आणि जिथे नुसता रंग उचलला तिथे मुलं त्या चौकोनांवरून चालत जाऊन पुन्हा फळ्याकडे तोंड करून बसली.

फलटणची वाट

त्याच जिल्ह्यात फलटणला एक काम फार आधी सुरू झालं आणि ते गाजावाजा न करता चाललंय. मॅक्सीन बर्नसन मूळच्या अमेरिकन. १९६०च्या दशकात त्या फलटणला आल्या त्या भाषाशास्त्राच्या संशोधनासाठी. एकाच गावातली वेगवेगळ्या जातींची, थरांची माणसं मराठी कशी बोलतात, हा विषय. १९७३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यावर त्यांना डॉक्टरेट दिली. बहुतेक संशोधकांचं गावाशी नातं प्रबंधाबरोबर संपतं. मॅक्सीनताई राहिल्या, पुढे भारताचं नागरिकत्वही घेतलं. दलित वस्तीतली मुलं शाळेत जातात पण त्यांना वाचता येत नाही आणि वाचता येत नाही म्हणून ती गळतात, हे त्यांनी पाहिलं आणि त्या मुलांसाठी अनौपचारिक वर्ग सुरू केले. त्यातून १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी राहिली. शाळेला नाव आहे ते भारतात व्यवसायोपचाराचं शिक्षण सुरू करणाऱ्या कमलाबाई निंबकरांचं. पुढे डॉ. मंजिरी निंबकर यांनी ही शाळा सांभाळली आणि वाढवली.

फलटणच्या कामाचं वैशिष्ट्य असं, की बोलीचा अभ्यास करणाऱ्या बाईने वाचनाकडेही अभ्यासकाच्या नजरेने पाहिलं. अ ते ज्ञ क्रमाने शिकवत गेलं तर मूल कित्येक महिने सुटी अक्षरं घोकत राहतं. हातात अर्थाचा एकही शब्द पडत नाही. त्याऐवजी वर्णमालेचा क्रम मोडून अक्षरांचे छोटे गट करायचे आणि मात्राही लगेच सोबत द्यायची. समजा, म, क, न, ल एवढी चारच अक्षरं आणि काना घेतला. लगेच मामा, काका, नाक, कान, माल, लाल, कमल, नकल, मला, कमान असे शब्द तयार होतात. ‘मामा मला कान’ म्हणून पोरं खिदळतातही. चार अक्षरांत मूल वाचक होतं. जोडीला गोष्टी ऐकणं, चित्रं काढणं, आपल्या मनातलं सांगणं आणि ते मोठ्या माणसाने लिहून दाखवणं. मुलाच्या घरच्या बोलीला ‘अशुद्ध’ म्हणून गप्प करायचं नाही, ही तर पहिली अट. ‘न्हाय’ म्हणणाऱ्या पोराला आधी बोलू द्यायचं. ‘नाही’ पुस्तकातून येईलच.

फलटणची पद्धत कुमठ्याच्या फरशीसारखी गावोगाव का पसरली नाही? ती फोटोत मावत नाही, हे एक कारण.

अभ्यास काय सांगतात

या दोन्ही ठिकाणच्या शहाणपणाला बाहेरच्या अभ्यासांचा भक्कम आधार आहे. शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांनी २०११ ते २०१६ या काळात भारतीय भाषांतल्या साक्षरतेचा मोठा अभ्यास केला. त्यात एक ठिकाण मराठी, पालघर जिल्ह्यातलं वाडा आणि एक कन्नड, कर्नाटकातलं यादगीर. पहिली ते तिसरीच्या मुलांचा पाठपुरावा झाला. दोन्हीकडे चित्र सारखंच: वर्गातला बहुतेक वेळ अक्षरं गिरवण्यात आणि फळ्यावरचं उतरवून घेण्यात जातो, अर्थाकडे कुणी वळतच नाही आणि तिसरी संपताना पुष्कळ मुलांना सलग मजकूर वाचून समजत नाही. बंगळुरूच्या सोनाली नाग यांनी २००७ मध्ये कन्नड मुलांवर प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवलं, की बाराखडी-जोडाक्षरांच्या लिपीवर पकड यायला इंग्रजीच्या सव्वीस अक्षरांपेक्षा कितीतरी जास्त काळ लागतो, चौथी-पाचवीपर्यंत. मराठीचंही तेच. म्हणजे बालवाडीत सगळी मुळाक्षरं आली की गड जिंकला, हा पालकांचा हिशोब मुळातच चुकीचा.

आंध्र-तेलंगण, आसाम आणि राजस्थान इथल्या हजारो मुलांचा चार ते आठ वर्षं वयात पाठपुरावा करणारा अभ्यास वेनिता कौल आणि सहकाऱ्यांनी केला. त्यातून कळलं ते असं: पाच वर्षांच्या मुलांची शाळेसाठीची तयारी अपेक्षेपेक्षा खूप कमी असते, अंगणवाडीत औपचारिक शिक्षण जवळजवळ नसतं, खासगी नर्सरीत नको तेवढं घोकंपट्टीचं शिक्षण असतं आणि दोन्ही मुलाच्या वयाला धरून नाहीत. इस्लामपूर, विटा, कऱ्हाड, वाई, कुठेही सकाळी आठला चौकात उभं राहिलं तर साडेतीन वर्षांची पोरं टाय लावून पिवळ्या गाडीत चढताना दिसतात. त्यांच्या आईबापांनी कर्ज काढलेलं असतं, हौस म्हणून नव्हे, मुलाचं भलं व्हावं म्हणून. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं की दप्तरातल्या चार वह्यांपेक्षा आजीची गोष्ट मुलाच्या वाचनाला जास्त उपयोगी पडते.

ही नुसती आजीची भलावण नव्हे. जमैकात १९८६-८७ मध्ये सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी खुरटलेल्या १२९ बाळांवर एक प्रयोग केला. काहींना दर आठवड्याला दुधाची पावडर दिली. काहींच्या घरी दर आठवड्याला आरोग्य सेविका तासभर जायची. घरच्याच वस्तूंची खेळणी करून आईला बाळाशी खेळायला, बोलायला दाखवायची. काहींना दोन्ही मिळालं, काहींना काहीच नाही. दोन वर्षांत प्रयोग संपला. वीस वर्षांनी त्याच मुलांना पुन्हा गाठलं आणि २०१४ मध्ये निष्कर्ष छापून आले: ज्यांच्या घरी ती बाई जात होती त्या मुलांची कमाई इतरांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त होती. नुसत्या दुधाचा असा दूरगामी परिणाम दिसला नाही. पोट भरणं आवश्यकच, पण मेंदूला बोलणंही लागतं. महाराष्ट्राने हे ओळखलंय. युनिसेफ आणि सेवाग्रामच्या वैद्यकीय संस्थेच्या साथीने शून्य ते तीन वयासाठी ‘आरंभ’ आला, तीन ते सहासाठी ‘आकार’ हा अभ्यासक्रम आला. कागदावर आपण मागे नाही.

सेविकेचे दोन हात

मग अडतं कुठे? कोणत्याही अंगणवाडीत सकाळी जाऊन बसा. एका खोलीत तीन ते सहा वयाची पंचवीसेक पोरं. एकाला शी लागलीय, एक घरी जायचं म्हणून रडतोय, दोघी बाहुलीवरून भांडतायत. सेविकाताईंनी नुकतं बडबडगीत सुरू केलंय तोच दारात गरोदर बाई येते, तिची नोंद करायची. मग वजनकाट्यावर बाळं. मग पोषण ट्रॅकरवर फोटो आणि हजेरी. हे ॲप २०२१ मध्ये आलं तेव्हा इंग्रजीत होतं आणि सरकारने दिलेले मोबाइल चालत नव्हते. वैतागून राज्यभरच्या सेविकांनी ते मोबाइल सरकारला परत केले होते. त्यातून उरलेल्या वेळात लसीकरणाचा दिवस, आहार वाटप, कुठलंतरी सर्वेक्षण, निवडणुकीचं काम. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ पासून सहा सेवा देते, पूर्वप्राथमिक शिक्षण ही त्यातली एक. सहा कामांच्या रांगेत जे काम उद्यावर ढकललं तर आज कुणी विचारत नाही, तेच ढकललं जातं. आणि ‘आज पोरांशी किती बोललात?’ असं अजून कुठल्याही पर्यवेक्षिकेच्या तक्त्यात नाही.

तामिळनाडूत यावर सरळ उपाय करून पाहिला गेला. कार्तिक मुरलीधरन, अलेहांद्रो गनिमियन आणि ख्रिस्तोफर वॉल्टर्स यांनी चार जिल्ह्यांतल्या ३२० अंगणवाड्या निवडल्या. त्यातल्या चिठ्ठ्या टाकून काढलेल्या निम्म्या केंद्रांत अर्धा दिवस काम करणारी आणखी एक बाई दिली. तिचं काम एकच, मुलांना शिकवणं. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, दीड वर्षात मुलांचं गणित आणि भाषा लक्षणीय सुधारली. एवढ्यावर थांबलं नाही: जुनी सेविका मोकळी झाल्यामुळे आहार-आरोग्याकडे तिला लक्ष देता आलं आणि तीव्र कुपोषण, खुरटणंही घटलं. नवी इमारत नाही, टीव्ही नाही, भिंतीवर मिकी माउस नाही. फक्त आणखी दोन हात.

आपल्याकडे ‘स्मार्ट अंगणवाडी’साठी पैसा मिळतो कारण तिचं उद्घाटन करता येतं. माणसाचं उद्घाटन करता येत नाही. महाराष्ट्रात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये त्यातल्या सेविका-मदतनीस मानधन, ग्रॅच्युइटी, पेन्शन मागत संपावर गेल्या तो संप जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत चालला. सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ च्या निकालात त्यांना ग्रॅच्युइटी कायदा लागू असल्याचं सांगूनही त्यांना ती मागणी घेऊन रस्त्यावर यावं लागलं. ज्या वयात मेंदूची ८५ टक्के वाढ होते असं २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणतं, त्या वयाची जबाबदारी ज्यांच्यावर, त्यांना पगार नाही, मानधन आहे.

जतची भाषा, फडातली पोरं

सांगली जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी दोन पदर आहेत. जतच्या पूर्वेकडे उमदी, संख या भागात घराघरांत कन्नड बोललं जातं. जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळाही आहेत. सीमावादाच्या बातम्यांत ही गावं अधूनमधून झळकतात. तिथल्या तीन वर्षांच्या पोराला मात्र वाद एवढाच, की आपण जे बोलतो ते बाईंना कळतं का? सेविका गावातलीच असेल तर कळतं. पण तक्ते, गोष्टींची पुस्तकं, मूल्यमापनाचे फॉर्म मराठीत. मग मूल गप्प बसतं आणि फॉर्मवर ‘भाषा विकास: कमी’ अशी नोंद होते. त्याची भाषा कमी नसते. मोजणाऱ्याची एक भाषा कमी पडते. वाडा आणि यादगीरचा अभ्यास मराठी-कन्नड अशा दोन वेगळ्या राज्यांत करावा लागला. जतमध्ये एकाच तालुक्यात दोन्ही आहेत. अभ्यासकाला याहून चांगली जागा कुठे मिळणार?

दुसरा पदर उसाचा. दिवाळी झाली की बीडकडून आणि याच जिल्ह्याच्या जत-आटपाडीतून ऊसतोडीच्या टोळ्या वाळवा, कऱ्हाडच्या पट्ट्यात उतरतात. कारखान्यांचा हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत. ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तिच्यासोबत येणारं पोर मुकादमाच्या हिशोबात धरलेलं नसतं. पहाटे आईबाप फडात गेले की तीन वर्षांचं पोर सात वर्षांच्या बहिणीच्या कडेवर कोपीजवळ, म्हणजे झोपडीजवळ, राहतं. त्यामुळे एका फटक्यात दोघांची शाळा बुडते. नियमाने अशा मुलाला जवळच्या अंगणवाडीत आहार आणि शिक्षण मिळायला हवं आणि अनेक सेविका आपणहून त्यांना बोलावतातही. पण टोळीचा तळ गावापासून दोन-तीन किलोमीटरवर असतो आणि आठ-पंधरा दिवसांनी हलतो. या मजुरांच्या मुलांसाठी साखरशाळा झाल्या, बंद पडल्या, पुन्हा झाल्या. त्यांचाही रोख सहा वर्षांच्या पुढच्या मुलांवर. वर्षातले पाच महिने ज्याच्याशी दिवसभर मोठं माणूस बोलतच नाही त्या मुलाचं पुढे काय होतं, हा प्रश्न ऊस पिकवणाऱ्या, साखर विकणाऱ्या आणि चहात घालणाऱ्या सगळ्यांचा आहे.

मग करायचं काय?

संशोधन म्हणजे विद्यापीठातल्या लोकांचं काम, असा एक समज आहे. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या नवोपक्रम स्पर्धेत पूर्वप्राथमिकचा वेगळा गट असतो. त्यात अंगणवाडी सेविका आणि पर्यवेक्षिका आपल्या प्रयोगांचे अहवाल लिहून पाठवतात. साताऱ्याची जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था फलटणलाच आहे, सांगलीची सांगलीत. दोन्ही जिल्हे शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत. माणसं आहेत, संस्था आहेत, नवं करून बघायची खुमखुमीही आहे. नाही ती चिकाटीने मोजण्याची सवय. कुमठ्याच्या फरशीवर बसलेली मुलं आठवीत कशी वाचत होती, हे त्याच वेळी त्याच मुलांची नोंद ठेवून सांगता आलं असतं. बक्षीस मिळालं, अहवाल बांधला, कपाट बंद झालं, की इथे प्रयोग संपतो. जमैकावाले वीस वर्षांनी परत त्याच मुलांकडे गेले म्हणून जगाला काही कळलं.

दोन्ही जिल्हा परिषदांनी ठरवलं तर हे पुढच्या जूनपासून करता येईल. प्रत्येक तालुक्यातल्या काही अंगणवाड्या चिठ्ठी टाकून निवडाव्यात आणि तिथे अर्ध्या दिवसासाठी फक्त मुलांशी खेळणारी-बोलणारी दुसरी ताई द्यावी. जतमध्ये ती कन्नड बोलणारी असावी. वाळवा आणि कऱ्हाडमध्ये हंगामापुरती तिने टोळीच्या तळावर जावं. त्या मुलांची आणि शेजारच्या, अशी ताई नसलेल्या अंगणवाड्यांतल्या मुलांची नोंद तिसरी संपेपर्यंत ठेवावी आणि निकाल काहीही लागला तरी छापावा. स्मार्ट अंगणवाड्यांवर होणाऱ्या खर्चातून अशा तायांचं मानधन काढता येईल.

आणि वाचकहो, दिवाळीला गावी जाल तेव्हा अंगणवाडीला सुट्टी असेल, पण सेविकाताई गावातच असतील. त्यांना भेटा. पोरांना किती अक्षरं येतात, हे विचारू नका. दिवसातला किती वेळ निवांत मुलांसोबत मिळतो, तेवढं विचारा. जे उत्तर मिळेल ते पुढच्या ग्रामसभेत उभं राहून मोठ्याने सांगा आणि इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा.